गुरुवारची नदी

खळदकरांना तुम्ही काहीही सांगा, ते एकच प्रश्न विचारायचे. "आणि मग?"

कुणी म्हणालं, चाकणच्या रस्त्याला नवा कारखाना येतोय. "आणि मग?" म्हणजे पोरांना नोकऱ्या लागतील. "आणि मग?" माणसं राहायला येतील, चाळी उठतील. "आणि मग?" अहो मग काय, पाणी लागेल, संडास लागतील! "हां," खळदकर समाधानानं म्हणायचे, "आता आलात मुद्द्यावर." समोरचा बिचारा विचार करत बसायचा की आपला मुद्दा होता तरी काय. कॅन्टीनमध्ये त्यांचं नावच 'आणिमग' पडलं होतं. "आणिमग आले रे, चहा लपवा," असं पोरं म्हणायची, कारण चहा पिण्याआधी ते तो हुंगायचे आणि आज पाणी कुठल्या टाकीतलं आहे ते सांगायचे. एकदा ऐकलं की तो चहा घशाखाली उतरत नसे.

ते आमच्या कंपनीच्या लॅबोरेटरीत केमिस्ट होते आणि मी टेलिफोन ऑपरेटर. बासष्टच्या लढाईनंतर पिंपरीत कारखाने भराभर उभे राहिले, त्यातल्याच एकात मी चिकटले. तेव्हा पिंपरी म्हणजे एक स्टेशन, कॅम्पातली निर्वासितांची घरं, मोजके कारखाने आणि बाकी सगळी ज्वारी. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून फोन जोडायच्या दोऱ्यांच्या बोर्डासमोर बसायची. माझे यजमान टूलरूममध्ये होते. ते म्हणायचे, हिला माणसं दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. खरंच होतं ते. मोठ्या साहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत कुणाचा आवाज कधी खोटा निघतो, हे मला पहिल्या 'हॅलो'ला कळायचं. खळदकरांचा कधी निघत नसे. ते खोटं बोलायचे नाहीत असं नाही म्हणत मी. त्यांना जमायचंच नाही.

आणि असा माणूस कादंबऱ्या लिहीत होता!

मला ते कळलं तेही फोनवरूनच. एक दिवस पुण्याहून फोन आला, "उल्काकुमार आहेत का?"

"असले कुणी इथे कामाला नाहीत," मी म्हटलं. "फाउंड्रीत एक शिवकुमार आहेत, देऊ का?"

"अहो, लॅबमधले खळदकर हो!"

मला जे हसू फुटलं! जोडून दिला फोन. दहा मिनिटांत खळदकर स्वतः माझ्या खोपटात हजर. उंच, किडकिडीत, ॲप्रनला ठिकठिकाणी आम्लानं पडलेली भोकं. दार लोटून घेत म्हणाले, "मालतीबाई, हे साहेबांच्या कानावर जाता कामा नये."

"का? चोरी केलीत?"

"चोरी परवडली. कादंबऱ्या लिहितो मी."

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे ताडकन उठून बसले. 'शुक्रावरचे कैदी' म्हणे ह्यांनी दोनदा वाचली होती, 'मंगळावरचा खून' तीनदा. वाचनालयात त्या पुस्तकांना नंबर लावावा लागे. "आणि तो माणूस माझ्या शेजारी बसून उपमा खातो?" हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी खळदकरांना आपल्या ताटातली भजी दिली. आमच्यात ह्याहून मोठा सत्कार नसतो.

मला मात्र रॉकेटमध्ये काडीचा रस नव्हता. मला माणसात रस. इतका गाजलेला लेखक, आणि त्यानं एकाएकी रॉकेटांचा नाद सोडला का, हे कोडं मला पुढे कितीतरी दिवस पुरलं.

झालं असं. माणूस चंद्रावर उतरला त्या सकाळी कॅन्टीनमध्ये रेडिओभोवती ही गर्दी. बातमी लागली तशा टाळ्या पडल्या, कुणी कुणी तर ट्रे वाजवले. ह्यांनी खळदकरांची पाठ थोपटली, जणू तेच उतरले होते. खळदकर मात्र तोंड पाडून बसलेले. "आणि मग?" एवढंच म्हणाले, आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यानंतर उल्काकुमारांचं एकही पुस्तक आलं नाही. पुण्याच्या प्रकाशकाचे फोन येत राहिले आणि हळूहळू थांबले.

मी खोदून खोदून विचारायची. एकदा म्हणाले, "चंद्रावर खरी माणसं गेली, आता माझं दुकान बसलं." एकदा म्हणाले, "कंटाळा आला हो, बाई. रॉकेटात बसून बसून पाठ धरली." दोन्ही उत्तरं थट्टेची. खरं उत्तर मला त्यांच्या बायकोनं दिलं. सुमतीवहिनी पिंपरी गावात राहायच्या, नदीच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला आवर्जून बोलवायच्या.

"नव्या कादंबरीत शुक्रावर निघालेल्या माणसांनी आपल्या गावच्या नदीचं पाणी बाटलीत भरून बरोबर नेलंय, असं लिहायचं होतं ह्यांना," वहिनी वाण देता देता सांगत होत्या. "म्हणून वर्णन करायला बाटली घेऊन गेले घाटावर. ह्यांचं सगळं असंच, बघितल्याशिवाय लिहिणार नाहीत. आले ते बाटली समोर ठेवून बसले. मी म्हटलं, काय हो? तर म्हणाले, हे पाणी बरोबर घेऊन कोण जाईल? त्या दिवसापासून शुक्र राहिला तिथेच."

म्हणजे बघा, लोक चंद्राकडे माना वर करून बघत होते तेव्हा हा माणूस मान खाली घालून एका बाटलीकडे बघत होता.

मग लॅबच्या खिडकीत बाटल्या आल्या. बॉयलरसाठी कंपनी नदीचं पाणी घ्यायची आणि ते तपासणं खळदकरांचं कामच होतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. रोज सायकलवरून येताना घाटावर एक बाटली भरायची, तिला वाराचं नाव चिकटवायचं आणि खिडकीत मांडायची. सुट्टीच्या गुरुवारीसुद्धा ते संध्याकाळी जाऊन बाटली भरून ठेवत. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारची. सगळं पुणं रविवारी सिनेमाला जायचं तेव्हा आम्ही डबे घेऊन कामावर, आणि गुरुवारी आम्ही नटूनथटून निघालो की पुण्याची माणसं विचारायची, आज काय विशेष? सोयऱ्यांच्या बारशाला आम्ही कधी नाहीच, कारण बारसं रविवारी.

तर त्या सात बाटल्या ओळीनं. सोमवार चहासारखा, मंगळवार तसाच, शनिवारवर तेलाचा तवंग, आणि गुरुवार? गुरुवार चांगला नितळ! मी स्वतः बघितलाय. बाटलीच्या पलीकडचं झाड दिसायचं.

हा चमत्कार सगळ्यात आधी ध्यानात आला तो कोंडाबाईच्या. कोंडाबाई लॅबमध्ये झाडू मारायची, मूळची पिंपरी गावातली, अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट. तिनं गुरुवारच्या बाटलीला हातच जोडले. "बाई बाई बाई! दत्तम्हाराजांचा वार! बगा कसं त्येज आलंय पान्याला!"

बस्स. आठ-पंधरा दिवसांत गावातल्या बायका गुरुवारी संध्याकाळी तांबे घेऊन घाटावर. तीर्थ म्हणून देवघरात ठेवायला लागल्या, पोरांच्या ओठांना लावायला लागल्या. खळदकर हादरले. त्यांनी कोंडाबाईला बसवून समजावलं. मी फोनची तक्रार बघायच्या निमित्तानं तिथे जाऊन उभीच होते.

"कोंडाबाई, अगं दत्ताचा काही संबंध नाही. गुरुवारी कंपन्या बंद असतात. कंपन्यांचं घाण पाणी नदीत येत नाही, म्हणून ती साफ दिसते."

"व्हय की," कोंडाबाई म्हणाली. "मी तरी दुसरं काय म्हनते? कंपन्यास्नी बी म्हाराजांनीच सुट्टी दिल्याली हाय."

खळदकर टेबलावर डोकं टेकून हसले. पण दुपारी कॅन्टीनमध्ये आले तेव्हा चेहरा वेगळाच होता, डोळे लकाकत होते. म्हणाले, "मालतीबाई, नदीला आठवड्याची सुट्टी आहे. एक दिवस ती नदी असते आणि सहा दिवस कामावर असते."

मी विचारलं, "आणि मग?" इतक्या वर्षांत आम्हा सगळ्यांना ती खोडच लागली होती.

"मग लिहितो," म्हणाले.

तीन वर्षं लिहीत होते. दुष्काळ येऊन गेला, टँकरपुढे हंडे लागले, तरी खळदकरांचं चालूच. 'गुरुवारची नदी' असं नाव. पुढच्या शतकातली गोष्ट. नद्या सगळ्या नळात घातलेल्या, पात्रं कोरडी. फक्त गुरुवारी सरकार पाणी पात्रात सोडतं आणि माणसं पोराबाळांना नदी दाखवायला आणतात. त्यात एक शालू नावाची मुलगी आहे, तिला नदी सोमवारी बघायची आहे. बस, एवढीच तिची इच्छा. गुरुवारी संध्याकाळी नदी बंद करतात तेव्हा ती काठावर बसून राहते, आणि गोष्ट संपते. मला कॅन्टीनमध्ये भाग भाग करून सांगायचे ते. तो शेवट ऐकला त्या दिवशी मी दुपारभर चुकीचे फोन जोडले. शालूसाठी माझा जीव तुटला, खोटं कशाला सांगू.

मग पुण्याचा फोन आला. लाइन खराब होती म्हणून मला मध्ये थांबावं लागलं, असं मी खळदकरांना नंतर सांगितलं. लाइन चांगली होती.

"खळदकर, वाचली. उत्तम आहे," प्रकाशक म्हणत होता. "फक्त दोन गोष्टी. तो गुरुवार काढा. वाचकाची सुट्टी म्हणजे रविवार. गुरुवार म्हटलं की त्याला वाटणार, ही दत्ताची पोथी आहे. आणि शेवटी ती नदी वाहू द्या हो रोज! एखादा शास्त्रज्ञ आणा, यंत्र काढा. तुम्हाला काय अवघड आहे? एवढं केलंत तर ह्या दिवाळीला पुस्तक बाहेर. उल्काकुमार परत आले, असं दणक्यात छापू."

मग खळदकर म्हणाले, "करतो. त्यात काय, करतो."

आणि माझ्या कानात तो आवाज खोटा निघाला. पहिल्यांदा.

तुम्ही म्हणाल, एवढं काय? पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. पुस्तक येऊन इतकी वर्षं झाली होती की वाचनालयात एक वाचक त्यांच्यासमोरच विचारत होता, "उल्काकुमार गेले का हो?" आणि काउंटरवरचा म्हणाला, "बहुतेक." हे खळदकरांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. पण ते हसणं ऐकून मला गलबलून आलं. लिहिणाऱ्याला कुणी वाचलं नाही तर त्याचं उरतं काय? त्यांना वाचक हवा होता, तहानलेल्याला पाणी हवं तसा. मीसुद्धा म्हटलं त्यांना, "अहो, करा की रविवार. कोण बघायला येतंय?"

"मी बघून आलो," ते म्हणाले. "काल रविवारची बाटली मुद्दाम घरी नेली आणि समोर ठेवून लिहायला बसलो. 'रविवारी नदी नितळ वाहत होती.' लिहिलं, आणि बाटलीकडे बघितलं. काळी कुळकुळीत! रविवारी सगळ्या कंपन्या चालू असतात, मालतीबाई."

"तुम्ही शुक्रावर तुरुंग बांधलात ते चाललं?"

"तिथे कुणी जाऊन बघणार नव्हतं. इथे कोंडाबाई रोज जाते."

सुमतीवहिनी वैतागल्या होत्या. "नदीला काय कळतंय वार कुठला ते! लिहा हो रविवार, आणि मोकळे व्हा!" पण त्यांनाही ठाऊक होतं, पालथ्या घड्यावर पाणी. आठवड्यानं खळदकरांनी माझ्याकडून पुण्याचा फोन जोडून घेतला. मी मध्ये थांबलेच. "जमत नाही," एवढंच म्हणाले. आवाज खणखणीत. प्रकाशक पुष्कळ बोलला, शेवटी म्हणाला, "मग घरीच ठेवा." फोन ठेवल्यावर मी हेडफोन काढला आणि डोळे पुसले. आनंदानं की दुःखानं, मला आजही सांगता यायचं नाही. दोन्ही होतं.

ती कादंबरी छापली आमच्या दस्तगीरभाईंनी. त्यांचा चिंचवड स्टेशनजवळ छापखाना होता, लग्नपत्रिकांचा. "साहेब, नॉवेल मी कधी छापलं नाही, पण पत्रिकेसारखं छापतो, एक अक्षर चुकायचं नाही," म्हणाले. आणि खरंच चुकलं नाही. फक्त मुखपृष्ठासाठी ठसे नव्हते, त्यामुळे 'गुरुवारची नदी'च्या चारी बाजूंनी लग्नपत्रिकेची वेलबुट्टी आणि वर कोपऱ्यात सनई-चौघडा. खाली उल्काकुमार नाही, मनोहर खळदकर असं स्वतःचं नाव. पहिली प्रत हातात घेऊन वहिनी म्हणाल्या, "मुहूर्त कितीचा आहे?"

स्वतःचं नाव घातल्यावर साहेबांच्या कानावर जाणारच. बोलावणं आलं. मी धसका घेऊन बसले होते, हा माणूस आता नोकरी घालवतो. खळदकर बाहेर आले ते मिशीत हसत. साहेबांनी विचारलं म्हणे, "ह्यातली ती कंपनी, ती कुठली?" खळदकर म्हणाले, "पुढच्या शतकातली, साहेब." "मग ठीक आहे," साहेब म्हणाले. पण त्या संध्याकाळी खिडकीतल्या बाटल्या मात्र काढायला लावल्या.

वाचली कुणी? आम्ही वाचली. ह्यांनी वाचली आणि "रॉकेट नाही," म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या ताटातली भजी खळदकरांना दिली. काही प्रती लग्नात आहेर म्हणून गेल्या, मुखपृष्ठ शोभेसं होतंच. वाचनालयात ठेवलेल्या प्रतीला नंबर काही लागला नाही. एक टीकाकार म्हणाला, लेखक फार निराशावादी आहे. खळदकरांनी त्यावर आपलं नेहमीचंच विचारलं, पण विचारण्यात जीव नव्हता. पुढे ते निवृत्त झाले आणि कॅन्टीनमधला चहा आम्ही बिनधास्त प्यायला लागलो. तो चहा मला कधी गोड लागला नाही.

शेवटचे दिसले ते ऐंशी सालानंतर, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला पिंपरी गावात गेले तेव्हा. पत्रिका दस्तगीरभाईंचीच, तीच वेलबुट्टी. दिवस गुरुवार, पण मी रजा टाकून गेले होते. एव्हाना आमची सगळ्यांची एक सुट्टी राहिली नव्हती. कुणाची सोमवारी, कुणाची शुक्रवारी, आणि मोठ्या कंपन्या तर बाराही महिने, तिन्ही शिफ्ट. वहिनी म्हणाल्या, "घाटावर आहेत."

पायरीवर बसले होते. हातात बाटली. केस पांढरे झालेले. मला बघून बाटली उजेडात धरली. पलीकडचं काहीही दिसत नव्हतं.

"आज गुरुवार ना?" मी म्हटलं.

"गुरुवारच. सगळे म्हणायचे, खळदकर फार काळं लिहितो." बाटली त्यांनी खाली ठेवली. "मी गोष्टीत एक दिवस तरी ठेवला होता, मालतीबाई. मला वाटलं होतं, तेवढा तरी राहील."

पत्रिका हातातच राहिली. तेवढ्यात वरून कुणीतरी एकेक पायरी धरत उतरलं. कोंडाबाई. पार वाकलेली, हातात घासून लखलखीत केलेला तांब्या. तिनं नदीला नमस्कार केला, वाकून तांब्या भरला आणि त्यात बोट बुडवून स्वतःच्या ओठाला लावायला निघाली.

खळदकर धडपडत उठले. "कोंडाबाई, नको! ते पिऊ नको."

"का वो सायेब?" ती डोळे बारीक करून म्हणाली. "आज गुरवार हाय की."

त्या एका वारापायी ह्या माणसानं प्रकाशक घालवला, वाचक घालवला, 'उल्काकुमार' हे नाव घालवलं. आता तोच वार त्याला स्वतःच्या तोंडानं पुसायचा होता. "गुरुवार राहिला नाही गं," ते म्हणाले.

त्यांनी तिच्या हातातून तांब्या घेतला, रिकामा केला आणि तिचा दंड धरून तिला वर नगरपालिकेच्या नळाकडे न्यायला लागले. मी खालीच उभी होते. ते दोघं एकेक पायरी चढत होते आणि खळदकर एका हातानं नदीकडे दाखवत सांगत होते, कंपन्या आता बंद होत नाहीत, पाणी कुठून येतं, कुठे जातं. मला वाटलं, म्हातारी पुन्हा दत्ताचं काहीतरी काढणार. नाही काढलं. मधल्या पायरीवर ती दमून थांबली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं,

"आन् मंग?"

खळदकर तांब्या मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसले, तिला शेजारी बसवलं आणि सांगायला लागले.